‘ओझोनस्नेही’ या शब्दाचा अपुरा हिशेब

फ्रिज आणि वातानुकूलन यंत्रांच्या जाहिरातींतून ‘ओझोनस्नेही’ हा शब्द १९९० नंतर आपल्या घरांत आला आणि तेथून वर्गातही शिरला. क्लोरोफ्ल्युरोकार्बन म्हणजे सीएफसी वाईट, कारण त्यातील क्लोरीन ओझोनचा नाश करतो. हायड्रोफ्ल्युरोकार्बन म्हणजे एचएफसी चांगले, कारण त्यात क्लोरीन नाही. बहुतेक ठिकाणी धडा येथेच संपतो. यातले एकही विधान खोटे नाही. मोलिना आणि रोलंड यांनी १९७४ साली दिलेला इशारा खरा ठरला आणि १९८७ च्या माँट्रियल करारामुळे ओझोनचा थर सावरू लागला. तक्रार आहे ती हिशेब अर्ध्यावर सोडण्याची. ‘ओझोनस्नेही’ हा शब्द वायू वापरताना काय होते याच्या एका बाजूबद्दल बोलतो. तो वायू कसा तयार झाला याबद्दल काहीच सांगत नाही.

पनवेलच्या शिक्षकांना याचे उदाहरण शोधायला फार लांब जावे लागत नाही. शेजारच्या रसायनीने आपले नावच रसायन उद्योगाकडून घेतले आहे. तेथील हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स ही १९६० साली स्थापन झालेली सरकारी कंपनी. हिंदुस्तान फ्ल्युरोकार्बन्स ही तिची उपकंपनी. तिचा कारखाना तेलंगणातील रुद्रारम येथे होता. तेथे एचसीएफसी-२२ हा वायू आणि त्यापासून पीटीएफई, म्हणजे तव्यांवरच्या न चिकटणाऱ्या लेपाचे प्लॅस्टिक, तयार होत असे. रसायनीचे बहुतेक विभाग बंद करण्याचा निर्णय २०१७ मध्ये झाला, तर उपकंपनी बंद करण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने जानेवारी २०२० मध्ये मान्यता दिली. कारखाना थांबला तरी त्यातली प्रक्रिया अभ्यासण्याजोगी आहे, कारण देशात आणि जगात ती अन्यत्र चालूच आहे.

क्लोरोफॉर्म आणि हायड्रोजन फ्ल्युओराइड यांची अँटिमनीच्या उत्प्रेरकासोबत अभिक्रिया घडवली की क्लोरोफॉर्ममधील तीनपैकी दोन क्लोरीन अणूंची जागा फ्लोरीन घेतो. हेच एचसीएफसी-२२. काही रेणूंमध्ये मात्र तिसरा क्लोरीनही निघून जातो आणि एचएफसी-२३ हा नको असलेला वायू तयार होतो. मुख्य उत्पादनाच्या तुलनेत त्याचे प्रमाण साधारण दीड ते चार टक्के असते.

आता शुद्धीकरण पाहू. ते चालते उत्कलनबिंदूंतील फरकावर. क्लोरोफॉर्म ६१ अंशांना उकळतो. तो सहज मागे ठेवून पुन्हा अभिक्रियेत घालता येतो. एचसीएफसी-२२ उणे ४१ अंशांना उकळतो. हायड्रोजन क्लोराइड उणे ८५ ला आणि एचएफसी-२३ उणे ८२ ला. हे दोघे एकमेकांच्या इतके जवळ आहेत की केवळ ऊर्ध्वपातनाने त्यांना वेगळे करणे कठीण. मग हायड्रोजन क्लोराइड पाण्यात विरघळवतात. त्याचे हायड्रोक्लोरिक आम्ल होते आणि ते विकले जाते. एचएफसी-२३ पाण्यात फारसा विरघळत नाही आणि त्याला गिऱ्हाईकही फारसे नाही. म्हणून अनेक वर्षे तो सरळ हवेत सोडला जाई. ग्राहकाच्या हाती शुद्ध वायू पडे, अशुद्धी आकाशाच्या वाट्याला येई.

या अशुद्धीत क्लोरीन नाही, म्हणजे शब्दशः तीही ‘ओझोनस्नेही’च! पण शंभर वर्षांच्या हिशेबाने एक किलो एचएफसी-२३ सुमारे १४,६०० किलो कार्बन डायऑक्साइडइतके तापमान वाढवतो. उपउत्पादन ३ टक्के धरले तर एक टन एचसीएफसी-२२ मागे ३० किलो एचएफसी-२३ बाहेर पडतो, म्हणजे सुमारे ४४० टन कार्बन डायऑक्साइड. हे गणित नववीचा विद्यार्थी वहीत करू शकतो.

उपाय ठाऊक होता. हा वायू १,२०० अंशांच्या आसपास जाळायचा आणि निघणारे हायड्रोजन फ्ल्युओराइड पाण्याने व चुन्याने धुऊन घ्यायचे. क्योटो कराराच्या स्वच्छ विकास यंत्रणेने या जाळण्याला पैसे देऊ केले. गुजरातेतील रणजितनगरच्या कारखान्याचा प्रकल्प २००५ साली नोंदला गेला. हेतू चांगला होता, पण मोबदला चुकीचा ठरला. कचरा जाळून मिळणारी पतपत्रे मूळ मालाच्या विक्रीपेक्षा अधिक कमाई देऊ शकतात, असा हिशेब २००७ साली ‘नेचर’मध्ये मांडला गेला. कचऱ्यालाच मालापेक्षा जास्त भाव आला, तर कचरा कमी करावा असे कोणाला वाटेल? युरोपीय संघाने मे २०१३ पासून अशी पतपत्रे नाकारली. ऑक्टोबर २०१६ मध्ये भारत सरकारने देशातील पाचही उत्पादकांना हा वायू स्वखर्चाने नष्ट करण्याचा आदेश दिला. जे नियमाने सांगायचे ते आधी बक्षीस देऊन करवून घेतले, ही या प्रकरणातील खरी चूक.

त्याच महिन्यात किगाली येथे एचएफसी कमी करण्याची दुरुस्ती संमत झाली. भारताने ती २०२१ मध्ये स्वीकारली. त्यानुसार २०२८ पासून वापर गोठवायचा आणि २०४७ पर्यंत तो ८५ टक्क्यांनी उतरवायचा आहे. म्हणजे ज्यांना आपण ‘चांगले’ म्हणून शिकवले, तेही आता निरोपाच्या वाटेवर आहेत. मात्र पीटीएफईसाठी कच्चा माल म्हणून एचसीएफसी-२२ चे उत्पादन यापुढेही चालू राहील. तेव्हा उपउत्पादनावरची नजर हटवून चालणार नाही.

पर्याय आहेत. घरगुती फ्रिजमध्ये आयसोब्युटेन रुळला आहे. प्रोपेनवर चालणारी वातानुकूलन यंत्रे मुंबईच्या गोदरेजने २०१२ मध्येच बाजारात आणली. हे वायू ज्वलनशील आहेत, म्हणून त्यांचाही हिशेब पुरा मांडायला हवा.

पुढच्या वेळी हा धडा घेताना मुलांना फ्रिजवरील पट्टी वाचायला सांगा आणि तीन प्रश्न विचारा: हा वायू कशापासून तयार झाला, त्याच्याबरोबर आणखी काय तयार झाले, आणि यंत्र भंगारात गेल्यावर तो कुठे जाणार? ही उत्तरे मिळेपर्यंत ‘स्नेही’ हा शब्द फळ्यावर लिहिताना त्यापुढे प्रश्नचिन्ह द्यावे.