फळ्यावरची दोन समीकरणं

नेट-सेटची तयारी करताना लिनियर अल्जेब्रासाठी गिल्बर्ट स्ट्रँग यांची एमआयटीमधली व्याख्यानं बघा, असं कुणीतरी तुम्हाला सांगितलं असेलच. 1999 साली चित्रित झालेली; साहित्य म्हणजे फळा आणि खडू. मी ती यंदा परत बघितली, कारण आता ट्युटोरियल मलाच घ्यावी लागतात.

पहिल्याच तासाला दोन समीकरणं येतात. आपल्या शाळेच्या भाषेत, 2क्ष − य = 0 आणि −क्ष + 2य = 3. आधी दोन रेषा काढल्या जातात, त्या (1, 2) या बिंदूत छेदतात. आपण बारावीपर्यंत इथेच थांबतो. स्ट्रँग मात्र उभे स्तंभ उचलतात: (2, −1) आणि (−1, 2) हे दोन सदिश. यातला कुठला किती घेतला की (0, 3) मिळेल? पहिला एकदा, दुसरा दोनदा. उत्तर तेच, पण प्रश्न बदलला, आणि पुढचा सगळा कोर्स या बदललेल्या प्रश्नावर उभा आहे. बाणाला बाण जोडायला हाताला जो वेळ लागतो, तेवढ्यात टोक कुठे पोचेल याचा अंदाज आपण बांधतो. स्लाइडवर ते आधीच पोचलेलं असतं.

दोष आहेतच. कॅमेरा जवळ गेला की आधीचं चित्र गायब. वर्गात नजर मागे वळवता येते, इथे व्हिडिओ मागे न्यावा लागतो. शिवाय बऱ्याचदा छोट्या उदाहरणावर पटवून ते पुढे जातात. संशोधनात जाणाऱ्यांनी सिद्धता पुस्तकातून करायलाच हवी.

आणि फळा म्हणजे चांगलं शिकवणं, असंही नाही हं. एमएस्सीला आमचे एक सर पूर्ण तास फळाच वापरायचे. पिवळ्या पडलेल्या वहीतून फळ्यावर, फळ्यावरून आमच्या वहीत. दोन वर्षांत ते कुठे अडखळले नाहीत, आणि आम्हीही काही विचारलं नाही.

माझं पहिलं ट्युटोरियल पीपीटीवर झालं. चाळीस मिनिटांत सगळ्या आयगेनव्हॅल्यू संपल्या, प्रश्न शून्य. दुसरं फळ्यावर घेतलं. एकच गणित, तेही चुकलं. मी घामाघूम होऊन शोधतेय, तोवर मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, दुसऱ्या ओळीत वजा राहिला." मग निम्मा वर्ग बोलायला लागला.

पुढच्या आठवड्यात एक्सआरडीचे आलेख आहेत. तिथे मात्र प्रोजेक्टरच लावणार. खडूने काढलेल्या पीकची रुंदी कोण मोजणार?