'नैसर्गिक' अभिनय आणि बालकलावंताचे श्रम : 'बूट पॉलिश' ते 'झुंड'

चित्रपटातील लहान मुलाच्या कामाविषयी लिहिताना आपल्या समीक्षकांच्या लेखणीतून 'नैसर्गिक अभिनय' हा शब्दप्रयोग हमखास उतरतो. मूल जसे आहे तसे कॅमेऱ्यासमोर वावरले, असा त्याचा आशय. वरवर प्रशंसेच्या वाटणाऱ्या या शब्दात एक अन्याय दडलेला आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. जे निसर्गतःच येते त्याचे श्रम कोण मोजणार? आणि श्रमच नसतील, तर मोबदला कोणाच्या हाती पडला, हा प्रश्नही उद्भवत नाही.

या दृष्टीने आर. के. फिल्म्सचा, प्रकाश अरोरा दिग्दर्शित 'बूट पॉलिश' (1954) पुन्हा पाहण्यासारखा आहे. पोरकी झालेली भोला आणि बेलू ही भावंडे. कमला त्यांना भीक मागावयास लावते, तर डेव्हिड यांनी साकारलेला जॉन चाचा त्यांना स्वाभिमानाने कष्ट करून खाण्याचा मंत्र देतो. भीक विरुद्ध श्रम, या द्वंद्वावर सारी कथा उभी आहे. बेलूच्या भूमिकेतील बेबी नाझ हिच्या कामाची 1955 च्या कान महोत्सवात खास दखल घेतली गेली. तेव्हा ती अवघी दहा-अकरा वर्षांची होती.

मात्र पडद्यावर श्रमाची महती शिकणारी ही मुलगी पडद्यामागे स्वतःच घर चालवीत होती, याची चित्रपटाच्या समीक्षेत कोठेही नोंद दिसत नाही. सलमा बेग हे तिचे मूळ नाव. आईवडिलांतील बेबनाव, कमाईचा भार आणि हरवलेले बालपण यांविषयी नाझ यांनी पुढे स्वतःच सांगितले आहे. राज कपूर यांनी तिला शिक्षणासाठी स्वित्झर्लंडला पाठविण्याची तयारी दर्शविली होती, परंतु घरातून नकार आला, अशी आठवण सांगितली जाते. बेलूला कथेत सधन घराचा आसरा लाभतो. नाझला तो लाभला नाही, कारण तीच घराचा आसरा होती. कष्टाची भाकर गोड, हा 'बूट पॉलिश'चा संदेश खोटा नाही. मात्र भाकर कोणाच्या ताटात पडते, हे तो विचारीत नाही. ही त्या चित्रपटाची वैचारिक मर्यादा होय, आणि ती आपल्या समीक्षेचीही आहे.

हॉलिवूडमध्ये हा प्रश्न न्यायालयात गेला होता. चॅप्लिनच्या 'द किड' (1921) मधील जॅकी कूगन याने सज्ञान झाल्यावर आई व सावत्र वडिलांवर 1938 मध्ये दावा लावला. लाखो डॉलरच्या कमाईतून त्याच्या हाती सुमारे सव्वा लाख डॉलर पडले. त्यातून 1939 चा कॅलिफोर्नियाचा कायदा आला. आपल्याकडे त्यासारखी तरतूद होण्यास पाऊणशेहून अधिक वर्षे लागली. बालकामगार कायद्यातील 2016 च्या दुरुस्तीने आणि 2017 च्या नियमांनी मनोरंजन क्षेत्रातील बालकाच्या कामावर बंधने घातली : दिवसाला पाच तासांची मर्यादा, सलग 27 दिवसांहून अधिक काम नाही, आणि मिळकतीपैकी किमान 20 टक्के रक्कम बालकाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत. 27 हा आकडा पाहिला की दूरदर्शन मालिकांचे चित्रीकरण डोळ्यांपुढे येते. इतके दिवस सलग चालणाऱ्या कामास नैसर्गिक कसे म्हणावे?

याच दुरुस्तीत दुसरा अपवाद आहे तो शाळेच्या वेळेबाहेर कुटुंबाच्या कामात मदत करणाऱ्या मुलाचा. वरूड-मोर्शीच्या संत्राबागांत तो आपण नित्य पाहतो. कलावंत मूल आणि बागेतील मूल कायद्याने शेजारी बसविले आहे. समीक्षेने मात्र त्यांना फार दूर ठेवले.

मीरा नायर यांच्या 'सलाम बॉम्बे' (1988) मधील मुलांच्या सहजतेचीही अशीच वाखाणणी झाली. वस्तुतः चित्रीकरणापूर्वी बॅरी जॉन यांनी त्या मुलांची कार्यशाळा घेतली होती. अर्थात ती सहजता मेहनतीने कमावलेली होती. चित्रपटाच्या उत्पन्नातून रस्त्यावरील मुलांसाठी सलाम बालक ट्रस्ट उभा राहिला, ही बाब गौरवाची आहे. तथापि, त्यातील कृष्णाच्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळविणारा शफीक सय्यद पुढे बंगळुरूत ऑटोरिक्षा चालवू लागला. रिक्षा चालविण्यात कमीपणा काही नाही. प्रश्न असा की, कमावलेल्या कौशल्याला चित्रसृष्टीत जागा का मिळाली नाही? ते कौशल्य आहे, हेच मुळी मान्य झाले नव्हते.

आपल्या विदर्भातील उदाहरण अधिक जवळचे आणि अधिक वेदनादायक आहे. नागपूरच्या वस्तीतील फुटबॉलवर आधारलेल्या नागराज मंजुळे यांच्या 'झुंड' (2022) मध्ये काम केलेला प्रियांशू क्षत्रिय त्याच वर्षी चोरीच्या प्रकरणात पकडला गेला, आणि ऑक्टोबर 2025 मध्ये नागपुरात त्याची हत्या झाली. चित्रपटामुळे असे घडले, असे म्हणणे सर्वस्वी चुकीचे ठरेल. किंबहुना, वस्तीतील मुलांना नायकत्व देणे हे मंजुळे यांचे मोठे कार्यच आहे. परंतु त्या मुलांनी जणू अभिनय केलाच नाही, ती 'अस्सल' होती, असे आपण कौतुकाने म्हणत राहिलो. अस्सल ठरलेल्या मुलाला पुढची भूमिका कोण देणार? तो एकदाच अस्सल असू शकतो.

नाझ यांचे उत्तरायुष्य येथे महत्त्वाचे ठरते. मोठेपणी नायिकेचे स्थान त्यांना मिळाले नाही. 1980 च्या दशकात श्रीदेवी यांच्या आरंभीच्या काही हिंदी चित्रपटांतील संवाद नाझ यांच्या आवाजात आहेत. दुसऱ्याच्या ओठांच्या हालचालींवर शब्द बसविणे, श्वास मोजणे, भाव नेमका उतरविणे, हे सारे शिकावे लागते. 1995 मध्ये त्यांचे निधन झाले, तोवर तो आवाज असंख्य प्रेक्षकांनी ऐकला होता, आणि तो श्रीदेवींचाच, असे बहुतेकांनी गृहीत धरले होते.