बालप्रेक्षक आणि कात्री

दिवाळी अंक घरातल्या सगळ्यांच्या हातून फिरतो. आजोबांच्या चष्म्याशेजारी तो जसा सापडतो, तसा नातीच्या उशाखालीही सापडतो. अशा अंकात मुलांनी काय पाहावे याविषयी लिहावयाचे, तर थोरांच्या कानात एक आणि मुलांच्या कानात दुसरे असे सांगून भागणार नाही. म्हणूनच हा विषय मी मुद्दाम याच पानांसाठी राखून ठेवला. विषय आहे जपानी चलच्चित्रांचा, ज्यांना आता सारे जग ‘अ‍ॅनिमे’ म्हणते. आणि देशोदेशी त्यांच्यावर चालणाऱ्या कात्रीचा.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. हाताने काढलेले चित्र हलू लागले, की ते मुलांसाठीच, असे आपण धरून चालतो. जपानात तसे नाही. तेथे चित्रकथा लहानांसाठी असतात, कारकुनांसाठी असतात आणि गृहिणींसाठीही असतात. आपल्याकडे कादंबरी म्हटल्यावर ती कुणासाठी, हे जसे मुखपृष्ठावरून ठरत नाही, तसेच हे. हा भेद न ओळखल्यामुळे काय होते, याचे उत्तम उदाहरण आपल्याच घरात घडून गेले आहे.

योशितो उसुई या चित्रकाराने १९९० साली ‘क्रेयॉन शिनचान’ ही चित्रकथा सुरू केली, ती प्रौढ वाचकांच्या साप्ताहिकात. १९९२ पासून ती जपानी दूरचित्रवाणीवर आली. नायक पाच वर्षांचा, हट्टी, वाह्यात, आईला जेरीस आणणारा. तेथील पालकांनीही त्याच्या नावाने पुष्कळ बोटे मोडली. २००६ साली हा पोरगा हिंदी बोलू लागला आणि मुंबईहून चालणाऱ्या ‘हंगामा’ या मुलांच्या वाहिनीवरून महाराष्ट्रातल्या घराघरांत शिरला. पालकांच्या तक्रारी झाल्या, माहिती व प्रसारण मंत्रालयाने हरकत घेतली, आणि २००८ साली मालिका बंद पडली. पुढल्या वर्षी ती परतली, पण चांगलीच कातरून.

आता कातरले काय, हे पाहू. मुख्यतः या पोराचे उघडे ढुंगण गेले. वडिलांच्या पेल्यातील बियर हिंदी संवादांत ‘ज्यूस’ झाली. फेस मात्र तसाच राहिला. आणि राहिले काय? दिसेल त्या तरुणीच्या मागे लागणे राहिले. तिला शिमला मिरची आवडते काय असे विचारून सलगी करणे, ती टाळीत असता पुन्हा पुन्हा आड येणे, हे सर्व शाबूत राहिले.

माझ्या मते कात्री येथे नेमकी उलटी चालली. आमच्या रावेरला उन्हाळ्यात अंगणात आंघोळ घालताना आईच्या हातून निसटून पळणारे उघडे पोर कुणी पाहिले नाही? त्याला पाहून शेजारीण हसते, आजी पंचा घेऊन धावते. कुणाची नीती बिघडत नाही. पण बाईमाणसाने नको म्हटले तरी तिच्या मागे जाणे, ही हसण्याची गोष्ट आहे असे पाच वर्षांच्या मुलाला रोज संध्याकाळी शिकवणे, हे मात्र बिघडवणारे आहे. गेल्या सुट्टीत माझी नऊ वर्षांची नात भावंडांबरोबर हीच मालिका पाहत होती. पोरे खिदळत होती. ती एकटी हसली नाही. मला म्हणाली, ‘‘आजोबा, तिला नको आहे ना? मग हा दर वेळी का जातो?’’ कात्री चालवणाऱ्यांना हा प्रश्न पडला नव्हता.

येथे उसुईवर अन्याय होता कामा नये. मूळ कथेतली गंमत अशी, की या पोराने थोर पुरुषांचीच नक्कल चालवलेली असते. हसावयाचे ते बापावर, बापाच्या पिढीवर. आणि पोरगाही दर वेळी तोंडघशी पडतोच. प्रौढ वाचकाला हा उपहास चटकन कळतो. पाच वर्षांच्या मुलाला कळत नाही; त्याला वाटते, आपल्याएवढ्या एका पोराने धमाल केली. वयाचा खरा प्रश्न हाच आहे. कोणत्या वयात काय दिसावे यापेक्षा, आपण कुणाला हसत आहोत हे कोणत्या वयात उमगते, ते पाहावयास हवे. हे उमगणे कात्रीने आत घालता येत नाही.

मग कात्री कशासाठी चालते? मला वाटते, ती बहुधा थोरांना ज्याची लाज किंवा धास्ती वाटते, तेवढेच कापते. इंडोनेशियाच्या प्रसारण आयोगाने २०१४ साली याच शिनचानला अश्लीलतेवरून ताकीद दिली. त्याच वर्षी अमेरिकेत ‘डोरेमॉन’ गेला, तेव्हा चॉपस्टिक्सच्या जागी काटे आले, येनचे डॉलर झाले, नोबिताचा ‘नोबी’ झाला. परदेशी घर मुलांना परके वाटेल, ही त्यांची धास्ती. बांगलादेशाने २०१३ साली हिंदीतला डोरेमॉन बंद केला. त्यात ना रक्त, ना नग्नता. तक्रार एवढीच, की मुले बांगला सोडून हिंदी बोलू लागली. ही तक्रार वाचून रावेरच्या माणसाला हसू येते आणि लगेच ते ओसरतेही. आमच्या तालुक्याला लागूनच मध्य प्रदेश. मुले घरी लेवा बोली बोलतात, शाळेत मराठी, बाजारात हिंदी. तिन्ही नांदल्या तर ती श्रीमंतीच. पण रुसणे, रागावणे, गमती करणे हे सारे हिंदीतूनच होऊ लागले, तर घरच्या बोलीला उरले काय? तरीही बंदी हा त्यावरचा उपाय नव्हे. मुलांना आवडेल असे मराठीत बोलणारे चित्र काढणे, हा उपाय. आणि तो महाग आहे.

मोजमापातही असाच गोंधळ आहे. ‘डीमन स्लेयर’ मालिकेतील ‘मुगेन ट्रेन’ हा २०२० चा चित्रपट घ्या. जपानात त्याला ‘पीजी १२’ मिळाले, म्हणजे बारा वर्षांखालील मुलाला पालकांनी समजावून दाखवावा. अमेरिकेत त्याच चित्रपटाला ‘आर’ मिळाले, म्हणजे सतरा वर्षांखालील मुलाने पालकांवाचून चित्रपटगृहात जाऊच नये. तलवार तीच, रक्त तेच. मुलाचे मन समुद्र ओलांडताच पाच वर्षांनी कोवळे होते असे नव्हे. मोजणाऱ्यांची काळजी वेगळी.

उलट काही चित्रपटांत कापण्याजोगे फारसे काहीच नसते आणि तरी ते लहान मुलाला एकट्याने पाहू देणे बरे नव्हे. इसाओ ताकाहाता यांचा ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ हा १९८८ चा चित्रपट तसा आहे. १९४५ सालचे कोबे शहर, बाँबहल्ल्यात आई गमावलेला एक मुलगा आणि त्याची चार वर्षांची बहीण. दोघेही अखेर उपासमारीने जातात. मूळ कथा १९६७ ची, अकियुकी नोसाका यांची. त्यांची धाकटी बहीण युद्धात अशीच गेली होती. हा चित्रपट जपानात प्रथम लागला तो मियाझाकींच्या ‘माय नेबर टोटोरो’ या आनंदी बालचित्राच्या जोडीने, एकाच खेळात. जी मुले टोटोरो पाहावयास आली असतील, त्यांच्या मनाचे काय झाले असेल!

म्हणून दुःख मुलांपासून लपवावे काय? मुळीच नाही. हिरोशिमात सहाव्या वर्षी अणुबाँब सोसलेल्या केइजी नाकाझावा यांनी १९७३ साली ‘बेअरफूट गेन’ ही चित्रकथा मुलांच्याच साप्ताहिकात सुरू केली. २०१२ च्या डिसेंबरात मात्सुए शहराच्या शिक्षण मंडळाने ती शालेय ग्रंथालयांच्या उघड्या कपाटांतून काढावयास सांगितली. कारण दिले, जपानी सैनिकांच्या अत्याचारांची चित्रे फार भीषण आहेत. देशभर ओरड झाली आणि २०१३ च्या ऑगस्टमध्ये हा निर्बंध उठला. मुलांच्या कोवळेपणाचे नाव पुढे करून थोरांनी आपलीच एक अडचणीची आठवण कपाटात टाकली होती, असा संशय मला आल्यावाचून राहत नाही.

आपल्यालाही हे नवे नाही. अमळनेरला शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. त्यात आईचा मृत्यू आहे, दारिद्र्य आहे, अपमान आहे. तरी पिढ्यान्‌पिढ्या मराठी मुलांनी ती कोणत्याही आकड्यावाचून वाचली. तिची रचना ध्यानात घ्यावी. श्याम आपल्या सोबत्यांना एकेका रात्री एकेक आठवण सांगतो. दुःख तेथे रोज थोडे थोडे मिळते, सांगणारा समोर बसलेला असतो, आणि ऐकणाऱ्याला झोपेपूर्वी प्रश्न विचारता येतो. फायरफ्लाइजचे सारे दुःख दीड तासात एकदम अंगावर येते, आणि आजकाल तर मोबाइलवर, गोधडीखाली, एकट्याच्या.

आपल्या चित्रपट-प्रमाणपत्रात १९८३ साली ‘यूए’ हा मधला वर्ग आला; २०२३ च्या दुरुस्तीने त्याचे सात, तेरा आणि सोळा वर्षे असे तीन भाग झाले. ओटीटीवर तर २०२१ च्या नियमांमुळे आकड्याबरोबर हिंसा, भीती, भाषा असे कारणही लिहावे लागते. ही सुधारणा मला कात्रीपेक्षा शतपटींनी शहाणी वाटते, कारण कापलेले काय ते पालकाला कळत नाही, लिहिलेले मात्र कळते. फक्त त्या यादीत एक रकाना उणा आहे. या चित्रात कुणाच्या जिवावर हसावयाचे आहे, तो रकाना. तो सरकार भरणार नाही. तो घरातच भरला पाहिजे.

या चार दिवसांत चकलीची ताटली मध्ये ठेवून सगळे घर पडद्यासमोर बसेल. मुले हसली की त्यांना विचारावे, हसू कशाचे आले. जे हसले नसेल, त्याला आधी विचारावे.