‘मॉन्स्टर हंटर: वर्ल्ड’ : शिकार पक्की, संशोधन कच्चं



आज जरा वेगळा विषय घेतोय. पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी माझं विश्लेषणाचं प्रकरण चार महिने अडकून पडलं होतं. त्याच काळात धाकट्या भावाच्या प्लेस्टेशनवर मी ‘मॉन्स्टर हंटर: वर्ल्ड’ खेळायला लागलो. स्वतःला सांगायचो, हा तर संशोधनावरचाच खेळ आहे! तुम्ही पेटची तयारी करत असाल किंवा सिनॉप्सिस लिहीत असाल, तर त्या सबबीत कितपत तथ्य होतं ते तुम्हीही तपासून बघा.

कॅपकॉम या जपानी कंपनीने हा खेळ जानेवारी 2018 मध्ये प्लेस्टेशन 4 आणि एक्सबॉक्स वनसाठी आणला. मालिका जुनी, 2004 पासूनची. यात तुम्ही एका संशोधन आयोगाचे शिकारी असता. ‘एल्डर ड्रॅगन’ नावाचे महाकाय प्राणी ठरावीक काळाने एका नव्या भूखंडाकडे का जातात, हे शोधायला हा आयोग तिथे आलेला असतो. म्हणजे संशोधन-प्रश्न आहे, क्षेत्रकार्यही आहे.

आधी चांगलं सांगतो, कारण ते खरंच चांगलं आहे. राक्षसाची किती ताकद उरली, हे दाखवणारी पट्टी पडद्यावर नसते. तो दमला की लाळ गाळतो, फार जखमी झाला की लंगडत आपल्या गुहेकडे निघतो. हे तुम्हीच बघून ओळखायचं. जंगलही तुमच्यासाठी थांबून राहत नाही. ग्रेट जॅग्रास हा मोठा सरडा अख्खा प्राणी गिळतो आणि फुगलेलं पोट ओढत फिरतो. अँजनाथ आणि राथालोस समोरासमोर आले की तुम्हाला विसरून एकमेकांशी भिडतात. निरीक्षण म्हणजे काय, ते हा खेळ हातांना शिकवतो. 14 प्रकारच्या शस्त्रांपैकी एकावर हात बसायलाच कित्येक दिवस जातात, आणि तीनदा बेशुद्ध पडलात की मोहीम फसली. हरल्यावर चूक आपलीच होती, हे बहुतेक वेळा पटतं.

आता उणिवा. पहिली म्हणजे पाऊलखुणांची. तुम्ही ठसे, ओरखडे गोळा करता, संशोधनाची पातळी वाढते आणि काजव्यांसारखे हिरवे किडे तुम्हाला थेट राक्षसापाशी नेतात. पण ठसा कधीच फसवा नसतो. वहीतली नोंद पुढे चुकीची निघत नाही. दोन पुरावे एकमेकांविरुद्ध गेलेत, असंही होत नाही. मित्रांनो, प्रत्यक्षात संशोधनाचा निम्मा वेळ तिथेच जातो ना? इथे अनुमान काढायचं काम किडे करतात, तुम्ही फक्त मागे धावायचं.

दुसरी उणीव आकड्यांची, आणि ही नीट लक्षात ठेवा. एका ग्रेट स्वोर्डवर हल्ल्याचा आकडा 480 दिसतो, ड्युअल ब्लेड्सवर 140. नवखा माणूस काय करेल? 480 उचलेल. पण खेळ प्रत्येक शस्त्रप्रकाराचा आकडा वेगळ्या गुणकाने फुगवून दाखवतो, पहिल्याचा 4.8 ने आणि दुसऱ्याचा 1.4 ने. दोघांची मूळ ताकद 100 च आहे! फरक पडतो तो प्रत्येक घावाच्या वजनाने आणि वेगाने. खेळ हे धड समजावत नाही. मोजपट्टी न विचारता दोन तक्त्यांतले आकडे शेजारी मांडले, तर प्रबंधातही हीच फजिती होते.

तिसरी उणीव नशिबाची. चिलखतासाठी दुर्मीळ वस्तू लागतात आणि त्या मिळतील याची खात्री नसते. समजा, एखादी वस्तू मिळण्याची शक्यता 3 टक्के आहे. आपल्याला वाटतं, 33 शिकारी केल्या की मिळेलच. गणित करून बघा: 33 शिकारींनंतरही सुमारे 37 टक्के लोक रिकाम्या हाताने परततात, आणि 100 शिकारींनंतरही जवळपास 5 टक्के. बक्षीस अनिश्चित अंतराने मिळालं की प्राणी तीच कृती चिकाटीने करत राहतो, हे स्किनर यांनी कबुतरांवर दाखवलं होतं. रात्री दोन वाजता ‘अजून एकच’ म्हणणारा मी त्या कबुतरापेक्षा फार वेगळा नव्हतो.

मित्रासोबत खेळायचं तरी अडचण. कथेतल्या मोहिमेत दोघांनी आपापलं दृश्य वेगवेगळं बघितल्याशिवाय एकत्र येता येत नाही. चौघांसाठी बनवलेल्या खेळाला हे शोभत नाही.

पण मला गुंतवून ठेवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. तिथे 50 मिनिटांच्या आत निकाल लागतो, गुण मिळतात, पातळी वाढते. माझ्या प्रकरणात चार महिने काहीच वाढत नव्हतं. गाईडनी विचारलं, ‘कुठवर आलंय?’ तेव्हा ‘चालू आहे सर’ म्हणताना मला खरोखर काम केल्यासारखं वाटत होतं. ते वाटणं खेळातून आलं होतं, हे कळायला मला वेळ लागला.

म्हणून खेळू नका असं मी म्हणणार नाही. मी अजूनही रविवारी खेळतो. फक्त तेव्हापासून एक वही ठेवली आहे. आज काय वाचलं, कुठे अडलं, कुठला अंदाज चुकला, एवढंच लिहितो. त्यात गुण नाहीत. ते प्रकरण मात्र पुढच्या सहामाहीत जमा झालं.

तुमची वही आजच सुरू करा. पुढच्या लेखात नोंदी कशा ठेवायच्या, ते सविस्तर बघू.