कलावर्ग आणि दिव्यांग विद्यार्थी : बिनोदबिहारी मुखर्जी यांच्या उदाहरणाची चिकित्सा

प्रस्तावना :

कलाशिक्षणातील दिव्यांग विद्यार्थ्यांचा विषय निघाला की चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जी (१९०४-१९८०) यांचा दाखला हमखास दिला जातो. बालपणापासून अत्यंत अधू असलेली त्यांची दृष्टी १९५६-५७ च्या सुमारास शस्त्रक्रियेनंतर पूर्णतः गेली. तरीही त्यांची कलानिर्मिती थांबली नाही. या उदाहरणाचा आपण लावत असलेला अर्थ कितपत योग्य आहे, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

'अंतर्दृष्टी'च्या गौरवाची मर्यादा :

त्यांचे विद्यार्थी सत्यजित राय यांनी १९७२ मध्ये त्यांच्यावर 'द इनर आय' हा लघुपट केला. या शीर्षकाचा आधार घेऊन बिनोदबिहारींची कला ही जणू दैवी देणगी मानली जाते. लघुपटात प्रत्यक्षात दिसते ते मात्र काम : चाचपणारी बोटे, कागदाचे आकार आणि सहकाऱ्यांच्या साहाय्याने उभे राहणारे भित्तिचित्र. दृष्टी गेल्यावर त्यांनी कागदाची कात्रणचित्रे, मेणाच्या मूर्ती यांसारखी स्पर्शगम्य माध्यमे स्वीकारली. म्हणजेच येथे चमत्कार घडला नसून माध्यम बदलले, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल.

दुसरी बाब संस्थेची. त्यांच्या दृष्टीविषयी नंदलाल बोस साशंक होते, परंतु रवींद्रनाथांनी आवड व निष्ठा हाच निकष मानला, असे सांगितले जाते. दृष्टी गेल्यानंतरही १९५८ मध्ये ते अध्यापनासाठी शांतिनिकेतनातील कलाभवनात परतले. व्यक्तीच्या जिद्दीचा गौरव करताना संस्थेची ही भूमिका आपण विसरतो. त्यामुळे 'त्यांना जमले, मग यांना का नाही?' असा अन्यायकारक प्रश्न विद्यार्थ्यालाच विचारला जातो.

प्रवेश आणि सहभाग :

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तींसाठी राखीव आहेत. प्रत्येकाच्या गरजेनुसार वाजवी सोयी पुरविण्याची अपेक्षाही या कायद्यात आहे. तथापि जागा मिळणे म्हणजे सहभाग मिळणे नव्हे. स्थिरचित्राच्या तासाला अंध विद्यार्थ्याला वस्तू हाताळू न देणे किंवा फळ्याकडे तोंड करून बोलत कर्णबधिर विद्यार्थ्याला ओठवाचनाची संधी नाकारणे, हे वर्गात बसवून वर्गाबाहेर ठेवण्यासारखे आहे. उंचवट्याच्या रेषा, माती, खुणा केलेल्या रंगाच्या बाटल्या, जाड मुठीचा कुंचला, चाकाची खुर्ची आत जाईल असे मेज या सोयी फारशा खर्चिक नाहीत.

मूल्यमापन हा खरा कळीचा मुद्दा आहे. यथार्थदर्शन हाच एकमेव निकष ठेवला, तर शिक्षकापुढे दोनच पर्याय उरतात : नापास करणे किंवा दयेपोटी गुण देणे. दोहोंतही विद्यार्थ्याच्या कलाकृतीकडे कोणी पाहतच नाही. रचना, पोत, माध्यमाची जाण व विचारप्रक्रिया यांना स्वतंत्र गुण दिल्यास तीच कलाकृती कठोरपणे तपासता येते. कठोर परीक्षण हाही विद्यार्थ्याचा सन्मानच आहे.

निष्कर्ष :

बिनोदबिहारींचे उदाहरण दिव्यांग विद्यार्थ्यांपुढे आदर्श म्हणून ठेवण्याआधी शिक्षकांनी ते स्वतःपुढे ठेवावे. विद्यार्थ्याला काय दिसत नाही यापेक्षा आपल्या अध्यापनपद्धतीला काय दिसत नाही, याचा शोध घेणे ही आजची गरज आहे.