वकिलांचें हंसूं

वकिलीच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या आमच्या कांहीं माजी विद्यार्थ्यांनीं मध्यंतरीं एक जुना बोलपट पाहण्याचा आम्हांस आग्रह केला. कुटुंब न्यायालयांत काम करण्याचा ज्यांचा मानस आहे त्या मंडळींत या बोलपटाची मोठी चहा आहे, असें ते म्हणाले. 'द वॉर ऑफ द रोझेस' हें त्याचें नांव. वॉरन अॅडलर यांच्या १९८१ सालच्या कादंबरीवरून तो १९८९ सालीं निघाला. डॅनी डिव्हिटो यांनीं तो दिग्दर्शित केला व त्यांतील वकिलाची भूमिकाहि स्वतःच वठविली.

ऑलिव्हर रोझ हा हार्वर्डला कायदा शिकणारा होतकरू तरुण. एका लिलावांत बार्बराशीं त्याची गांठ पडते; लग्न होतें, पैसा येतो, टोलेजंग घर उभें राहतें, आणि मग तेंच घर कोणाचें यावरून काडीमोडीचा तंटा पेटतो. पुढें मांजर मरतें, उंची बुटांच्या टाचा कापल्या जातात, मोटारीचा चुराडा होतो, आणि अखेर नवराबायको झुंबरासकट खालीं कोसळतात. ही हकीकत ऑलिव्हरचा वकील आपल्या एका नव्या अशिलाला सांगत असतो. आम्ही पोट धरून हंसलों, हें कबूल केलें पाहिजे.

पण या दोन वैऱ्यांना एका छपराखालीं कोंडलें कोणीं? कायद्यांतील एक फट शोधून ऑलिव्हरला त्या घरांत राहण्याची वाट हाच वकील दाखवितो. म्हणजे जो गोष्ट सांगून हंसवितो, त्यानेंच आगींत तेल ओतलेलें आहे! अशिलाला घटस्फोटापासून परावृत्त करण्याची त्याची धडपड त्यामुळें निव्वळ चातुर्य न राहतां प्रायश्चित्त ठरते. बोलपटाचा खरा कस येथें आहे. आमच्या मंडळींना झुंबर आठवत होतें. ही गोष्ट मात्र एकाच्याहि ध्यानांत आली नव्हती.

दोष आहे तो दुसराच. रोझ दांपत्याला एक मुलगा व एक मुलगी आहे. परंतु लढाईचा कडेलोट होण्यापूर्वींच तीं मोठीं होऊन कॉलेजांत निघून जातात. ही कथाकाराची सोय झाली. गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'तहि (१९१९) सुधाकर वकील व तळीराम त्याचा कारकून; पण तळीरामाच्या कोट्यांवर हंसतांना सिंधूचा संसार धुळीस मिळत आहे, याचा विसर गडकरी पडूं देत नाहींत. मुलें दृष्टीआड केलीं म्हणजे हंसणें स्वस्त होतें, आणि कुटुंब न्यायालयांत तर माणसें पेटतात तीं बहुधा मुलांच्याच ताब्यावरून.

ऑस्ट्रेलियांतील कौटुंबिक न्यायालय १९७६ सालीं सुरू झालें. पक्षकारांना दडपण वाटूं नये म्हणून तेथें न्यायाधीशांचे झगे व केसांचे टोप वर्ज्य केले होते. १९८० सालीं न्यायाधीश डेव्हिड ओपास यांना सिडनींत त्यांच्या घराच्या दाराशीं गोळी घालण्यांत आली. १९८४ सालीं न्यायाधीश रिचर्ड गी यांच्या घरीं बाँब उडाला, मग पॅरामॅटा येथील न्यायालयांत उडाला, आणि न्यायाधीश रे वॉटसन यांच्या दारीं ठेवलेल्या बाँबनें त्यांच्या पत्नी पर्ल यांचा बळी घेतला. पुढल्या वर्षीं विरुद्ध बाजूच्या वकिलासाठीं एका मोटारीला बाँब लावलेला सांपडला. वकील त्या घरांतून केव्हांच बिऱ्हाड हलवून गेला होता व मोटार दुसऱ्याचीच होती! हा शेवटला प्रसंग डिव्हिटो यांनीं सहज उचलला असता. लेनर्ड वॉरिक या गुन्हेगाराला न्यायालयानें दोषी ठरविलें तें २०२० सालीं. तंट्याच्या मुळाशीं होता लहानग्या मुलीचा ताबा.

आपल्याकडे राजस्थाननें २०२३ सालीं वकिलांच्या संरक्षणासाठीं स्वतंत्र कायदा केला. असा कायदा चालू लागतो तो कोणी तक्रार केल्यावर. आणि जी गोष्ट विनोद म्हणून सांगण्याचा प्रघात पडला आहे, तिची तक्रार कोण करणार? आमची एक विद्यार्थिनी एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखालीं काम शिकते. विरुद्ध पक्षाचा नवरा तिच्या मागोमाग रिक्षाच्या थांब्यापर्यंत आला, ही हकीकत तिनें आमच्या घरीं त्याच्या चालण्याच्या नकलेसह इतकी रंगवून सांगितली कीं हातांतले चहाचे पेले हिंदकळले.

"सर, तो मला म्हणतो कसा, तुमचें लग्न झालेलें नाहीं तेंच बरें!"

आम्हीं हंसत हंसतच विचारलें, "तुझ्या वकीलसाहेबांच्या कानांवर घातलेंस ना हें?"

"घातलें कीं! तेहि असेच हंसले."

निघतांना तिनें आमच्या मुलाला रिक्षा मिळेपर्यंत सोबत येशील का, म्हणून विचारलें.