धरायचं कुठं?

मोटारींची परीक्षणं मी आवडीनं वाचतो. गाडी घ्यायची ऐपत नव्हती तेव्हापासून वाचतोय, आता मुलानं घेतली तरी सवय सुटलेली नाही. परीक्षणकार मोठा चिकित्सक माणूस. लिटरला किती किलोमीटर, डिकीत किती बॅगा, ताशी शंभरचा वेग किती सेकंदांत, सगळं मोजून सांगतो. (कल्याण-शीळ रस्त्यावर तो वेग गाठायला किती महिने लागतात, हे मात्र सांगत नाही.) पण माणूस त्या गाडीत शिरतो कसा आणि बाहेर पडतो कसा, यावर एक ओळ नाही. नाटकाच्या परीक्षणात नटाची एन्ट्री-एक्झिट सोडून पडद्याला कापड किती मीटर लागलं ते लिहावं, तसला हा प्रकार.

म्हणून हे राहिलेलं परीक्षण मीच लिहायला घेतलंय. गाडीचं नाव सांगत नाही. हप्ते अजून चालू आहेत आणि मुलगा हे वाचण्याची शक्यता आहे.

आमच्या आईला शहात्तरावं चालू आहे. डोंबिवली ते व्ही. टी. असं तिनं एकतीस वर्षं अप-डाऊन केलं. लोकलच्या दाराच्या मधोमध तो स्टीलचा उभा खांब असतो ना, त्याला हात लागला की डोंबिवलीकराची निम्मी नोकरी झाली. पुढचं मागची गर्दी बघते. एका हातात पर्स, डबा आणि छत्री, दुसऱ्या हातात खांब, अशी ती रोज चढली आणि रोज उतरली. कधी पडली नाही, कधी कुणाचा हात मागितला नाही.

तर नव्या गाडीतून आम्ही सहकुटुंब ठाण्याला गडकरी रंगायतनला नाटकाला निघालो. आईला मानानं पुढं बसवलं. ठाण्याला पोचल्यावर तिनं दार उघडलं, दोन्ही पाय बाहेर ठेवले, आणि तिथंच थांबली. मागं रिक्षांनी हॉर्नचा गजर मांडला.

“अरे, धरायचं कुठं?”

“आजी, वर हँडल आहे ना!”

होतं. तिच्या कानाच्या वर, छताला. तिनं हात वर केला. दुखरा खांदा निम्म्यावर अडला. उरलेलं अंतर तिनं जिद्दीनं कापलं, मूठ धरली, ओढली. आणि बाहेर यायच्या ऐवजी पुन्हा सीटला टेकली. हात सुटला. मूठ स्प्रिंगनं खट्‌कन छताला चिकटली. शेवटी मी एका बाजूनं आणि सौ. दुसऱ्या बाजूनं, असं तिला ओढून काढलं. ती काही बोलली नाही. पहिल्या अंकात हसलीही नाही. घरी आल्यावर म्हणाली, “पुढच्या वेळी तुम्हीच जाऊन या. मला आता नाटकं बघून काय करायचंय?”

हे वाक्य मला फार लागलं. नाटक आवडत नाही म्हणून ते आलेलं नव्हतं. ते आलं होतं त्या मुठीतून.

आता मुठीचा दोष काय, ते ऐका. खुर्चीतून उठून बघा. आधी पाय मागं घ्यावे लागतात, मग धड पुढं झुकतं, नाक गुडघ्यांच्या पुढं जातं, वजन पावलांवर येतं आणि मगच माणूस उठतो. म्हणजे आधार हवा समोर, छातीच्या उंचीला. रिक्षात ड्रायव्हरच्या पाठीमागं आडवी दांडी असते, ती नेमकी तिथं. एसटीच्या दारातली दांडी तिथं. मोटारवाल्यानं मात्र ती कानावर आणि वर बसवली. तिला ओढलं की माणूस वर आणि मागं जातो. गाडी सखल, गुडघे कमरेपेक्षा उंच, त्यात हे! वळणावर जीव मुठीत धरायला ती मूठ उत्तम. इस्त्रीचा शर्ट टांगायलाही हरकत नाही. पण उतरायला? ड्रायव्हरच्या डोक्यावर तर बहुतेक गाड्यांत तीही नसते. त्याच्या हातात स्टिअरिंग असतं, तेवढ्यावर त्यानं म्हातारं व्हायचं.

काही उंच जीपगाड्यांत काचेच्या कडेच्या खांबाला मूठ असते. म्हणजे युक्ती ठाऊक आहे. फक्त चढणाऱ्याची दया येते, सखल गाडीतून उठणाऱ्याची येत नाही. लहान गाडीत खांबावर मूठ आली तर अपघातात डोकं तिच्यावर आपटेल, असं कुणी इंजिनियर म्हणेल. त्यात तथ्य आहे. मग मऊ करा, पट्ट्याची करा, डॅशबोर्डात खोबणी ठेवा! लंडनच्या काळ्या टॅक्सीला, १९९७च्या टीएक्स-१ला, दाराशी पिवळ्याधमक दांड्या दिल्या होत्या, कमी दिसणाऱ्यालाही सापडाव्यात म्हणून. फोर्ड कंपनीनं त्याच दशकात आपल्या तरुण इंजिनियरांसाठी एक पोशाख करवला. तो घातला की गुडघे वाकत नाहीत, कंबर वळत नाही, चष्म्यातून सगळं पिवळट दिसतं. तो चढवून पोरांनी गाडीत चढ-उतर करायची आणि मग आराखडा काढायचा. १९९८ची फोकस गाडी अशा तालमीतून गेली.

आमच्याकडे तेवढाही खर्च नको. मोटारी बनवणं या भागाला नवं नाही. नव्वदच्या दशकात प्यूजो ३०९ इथंच, कल्याण-शीळ रस्त्यावरच्या प्रीमियरच्या कारखान्यात तयार होत होती. पोशाख तर घरोघर तयार आहे. आमच्या इमारतीत लिफ्ट बंद पडली की चार तरी जणी तो घालून जिन्यात बसलेल्या सापडतात. इंजिनियरानं फक्त यायचं, चहा प्यायचा, आणि एकीला गाडीतून उतरवून दाखवायचं. दंडाला धरून ओढायचं नाही, एवढीच अट, खांदा दुखतो.

गेल्या महिन्यात परत तिकिटं काढली. आईचंही काढलं, तिला न विचारता. रविवारी दुपारी मुलानं गाडी काढली. आई म्हणाली, “तुम्ही व्हा पुढं. मी आणि शेजारच्या काकू येतो आमच्या आमच्या.”

शीळफाट्याला आम्ही पाऊण तास उभे होतो. ठाण्याला पोचलो तेव्हा तिसरी घंटा व्हायची होती. आई गडकरीच्या दारात उभी होती, केसात गजरा, हातात वड्याचा कागद. लोकलनं ठाणे आणि स्टेशनवरून रिक्षा, असा त्यांचा प्रवास.

“उतरायला त्रास नाही ना झाला?” मी विचारलं.

“त्रास कसला? धरायला होतं की,” ती म्हणाली, “आणि तुमची तिकिटं कुठायत? आत सोडत नाहीत.”

तिकिटं गाडीत राहिली होती.